न घेतलेलं रीडिंग लिहायला लावू नका : आमच्या शिक्षण संस्थेच्या संचालक मंडळास खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि सर्व संचालक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या कनिष्ठ महाविद्यालयात मी सत्तावीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. आपल्यापैकी तिघांच्या घरची मुलं माझ्यासमोर स्क्रू गेज धरायला शिकली, म्हणून मी आपल्याला परका नाही. या विषयावर आपल्याला दोन पत्रं पाठवली. दोन्हींची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. तेव्हा तिसरं पत्र गावासमोर लिहितो आहे.

जूनच्या सभेत आपण ठराव केला की भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा बंद करून ती खोली बाहेरगावच्या एका क्लासला भाड्यानं द्यायची, तिथल्या साहित्याचं निर्लेखन करून ते भंगारात काढायचं, आणि बारावीच्या मुलांना प्रात्यक्षिकाचे ३० गुण जर्नल, म्हणजे प्रयोगवही, पाहून द्यायचे. कारण एका ओळीत लिहिलं आहे : ‘साहित्य जुने असून वापर नाही.’

मागच्या मंगळवारी मी कॉलेजात जाऊन आलो. व्हरांड्यात मीटर ब्रिज, म्हणजे तारेचा विद्युतविरोध मोजायच्या लाकडी पट्ट्या, सहाच्या सहा सुतळीनं बांधून टाकलेले होते. सोनोमीटरच्या तारा निघाल्या होत्या. खताच्या रिकाम्या पोत्यात बारीकसा विद्युतप्रवाह दाखवणारे गॅल्व्हानोमीटर एकावर एक टाकलेले होते. गॅल्व्हानोमीटर असा टाकत नाहीत हो. त्याचं कॉइल केसासारख्या बारीक स्प्रिंगवर तोललेलं असतं, एका धक्क्यात काटा अडकून बसतो. पोत्याच्या बाजूला भिंतीला टेकवून एक काचेची पेटी ठेवली होती, लोक मासे पाळतात तसली. तिचा एक कोपरा फुटला होता. भंगाराच्या यादीत तिच्यासमोर लिहिलं होतं : ‘काचपेटी १, रिकामी.’

त्या पेटीत या गावातल्या चार-पाचशे मुलांनी आकाशातून येणारे कण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहेत. ती कशी आली ते आपल्याला सांगायला हवं, कारण ठराव करताना आपल्यापैकी कोणाला ते माहीत नसावं.

४ जुलै २०१२ ला जिनिव्हाजवळच्या सर्न या कणसंशोधन संस्थेनं हिग्ज बोसॉनसारखा कण सापडल्याचं जाहीर केलं. आपल्याकडं पेरण्यांचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘देवकण सापडला’ असे मथळे आले आणि बारावीच्या वर्गात मागच्या बाकावरच्या एका मुलीनं आमच्या फिजिक्सच्या सरांना विचारलं, “सर, कण सापडला म्हणून राहिले, मंग त्याचा फोटो काऊन नाही छापला?”

सरांनी त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवला. मी मागं उभा राहून ऐकत होतो. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर जमिनीखाली सुमारे १०० मीटरवर २७ किलोमीटर घेराचा बोगदा आहे. त्यात प्रोटॉनचे दोन झोत एकमेकांच्या उलट दिशेनं सोडतात. प्रत्येक प्रोटॉन सेकंदाला अकरा हजारांवर फेऱ्या मारतो. झोत ठरलेल्या चार ठिकाणी एकमेकांवर आणतात आणि तिथं टकरी होतात, सेकंदाला कोट्यवधी. अशा सुमारे शंभर कोटी टकरींमागे एखादा हिग्ज तयार होतो, आणि तयार झाला तोच फुटतो. इतक्या लवकर, की तो कुठल्याही उपकरणापर्यंत पोचतच नाही. पोचतात ते त्याचे तुकडे. टकरीच्या जागेभोवती जो शोधक उभा केलेला असतो, ज्याला ते डिटेक्टर म्हणतात, तो या तुकड्यांच्या खुणा टिपतो.

फळ्यावर सरांनी तो शोधक काढला तो धान्याच्या चाळण्यांसारखा. सगळ्यांत आतला थर सिलिकॉनचा. तो कणाला अडवत नाही, फक्त तो कुठून गेला ते टिपतो. बाहेरून प्रचंड चुंबक लावलेलं असतं, त्यानं विद्युतभारित कणाची वाट वळते. किती वळली यावरून त्याचा वेग-वजनाचा हिशेब लागतो. पुढच्या थरात इलेक्ट्रॉन आणि प्रकाशाचे कण अडकतात. सीएमएस नावाच्या शोधकात त्यासाठी शिशाच्या संयुगाचे सुमारे ७६ हजार स्फटिक आहेत, काचेसारखे पारदर्शक पण लोखंडापेक्षा जड. कण आत शिरला की स्फटिक लुकलुकतो, आणि किती लुकलुकला यावरून कणाची ऊर्जा कळते. त्यापुढच्या पितळी थरात प्रोटॉनसारखे जाड कण थांबतात. या सगळ्यातून आरपार जातो तो म्युऑन, इलेक्ट्रॉनचा जड भाऊ. त्याच्यासाठी सगळ्यात बाहेर वेगळी यंत्रं. कोणत्या चाळणीत काय अडकलं ते पाहून मूळ टकरीत काय झालं असेल ते मागं मागं जात काढायचं. त्यांच्याकडं अ‍ॅटलस नावाचा दुसरा शोधक आहे, ४६ मीटर लांब आणि २५ मीटर उंच. वजन ७ हजार टन. सीएमएस लांबीनं त्याच्या निम्म्याहून कमी, पण वजन १४ हजार टन.

ती मुलगी जंगलालगतच्या गावातून यायची. ती म्हणाली, “म्हणजे वाघ नाही दिसला. पंजा दिसला.”

सर हसले नाहीत. म्हणाले, “बरोबर. आणि तुला पंजा दाखवायची सोय आपल्याकडं होऊ शकते.”

स्कॉटलंडच्या विल्सन नावाच्या माणसानं डोंगरावर ढग पाहता पाहता ढग बाटलीत बनवायचा उद्योग सुरू केला आणि १९११ मध्ये त्यातून क्लाउड चेंबर, म्हणजे मेघकोठी तयार झाली. आत पाण्याची किंवा अल्कोहोलची वाफ इतकी दाटलेली ठेवायची की तिला थेंब व्हायला फक्त निमित्त हवं असतं. विद्युतभारित कण त्यातून गेला की त्याच्या वाटेवर थेंबांची रेघ उमटते. इलेक्ट्रॉनचा उलट्या भाराचा जोडीदार, पॉझिट्रॉन, १९३२ मध्ये अशाच कोठीत सापडला. चौदा हजार टनांच्या शोधकाची ही पणजी, आणि ती करायला लागतं ते असं : काचेची पेटी, काळा रंग दिलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, बुडाला चिकटवायला नमद्याची पट्टी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, बाजूनं मारायला टॉर्च, आणि खाली ठेवायला कोरडा बर्फ, उणे ७८ अंशांचा.

बाकी सगळं तालुक्यात मिळालं. कोरडा बर्फ नागपूरहून आणावा लागला. २८ फेब्रुवारी २०१३, विज्ञान दिन. पहाटेच्या एसटीनं गेलो, थर्मोकोलच्या डब्यात पाच किलो घेतला आणि परतीच्या गाडीत खिडकी उघडी ठेवून खिडकीशी बसलो. डब्यातून पांढरा धूर निघायला लागला तसा कंडक्टर आला. “काय आहे हे? उतरा खाली.” मी झाकण उघडून दाखवलं, हात लावू नका म्हणालो. त्यानं पाच मिनिटं निरखून पाहिलं आणि डब्याचं अर्धं तिकीट फाडलं. कॉलेजात पोचेपर्यंत पाचाचा साडेतीन किलो राहिला होता.

खिडक्यांना काळा कापड लावला. नमद्यावर अल्कोहोल ओतलं, पेटी पत्र्यावर पालथी घातली, पत्रा बर्फावर. दहा मिनिटं काहीच नाही. पत्र्यालगत नुसती बारीक भुरभुर, टॉर्चच्या उजेडात धूळ उडावी तशी. पोरं कुजबुजायला लागली. मग एक रेघ आली. कापसाचा तंतू ओढावा तशी, सरळ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि दोन सेकंदांत विरली. मग दुसरी. मग एक आखूड आणि जाड. मग एक नागमोडी, भरकटलेली. सरांनी सांगितलं, सरळ लांब जाते ती बहुधा म्युऑनची. आकाशातून येणारे किरण हवेच्या वरच्या थरांवर आदळतात, तिथं जमिनीपासून दहा-पंधरा किलोमीटरवर म्युऑन तयार होतात, आणि आपल्या तळहातातून सेकंदाला साधारण एक, असे आपल्या सगळ्यांच्या अंगातून रात्रंदिवस जात असतात. स्लॅबमधून, टिनातून, गोठ्यातून. सीएमएसच्या सगळ्यात बाहेरच्या थरात जो कण पकडायला एवढी यंत्रं लावली आहेत, तोच हा.

मी कॉलेजात सत्तावीस वर्षं काढली. अंधाऱ्या खोलीत साठ पोरं एवढी गप्प बसलेली मी त्याच्याआधी पाहिली नव्हती.

पण मला आपल्याला सांगायचं आहे ते त्याच्या नंतरचं. सरांनी प्रत्येकाला पाच मिनिटं पेटीसमोर बसवून सरळ रेघा मोजायला लावल्या आणि आकडा वहीत लिहायला लावला. बहुतेकांचे आकडे पंधरा ते पंचवीसच्या दरम्यान होते. एका पोरानं त्रेचाळीस लिहिले. सरांनी विचारलं तेव्हा तो रडवेला झाला. त्याचं लक्ष नव्हतं, त्यानं अंदाजानं ठोकलं होतं. सर त्याला रागावले नाहीत. परत बसवलं. दुसऱ्यांदा त्यानं सात लिहिले, सर्वांत कमी. आणि ते सात सरांनी मान्य केले, कारण ते त्यानं पाहिलेले होते.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार ‘जर्नल पाहून गुण’ या ओळीबद्दल आहे. प्रयोगच होणार नसतील तर जर्नलमध्ये काय लिहिलं जाईल ते आपण सगळे जाणतो. मागच्या वर्षीच्या मुलाची वही, तिच्यातले आकडे, आणि शंका येऊ नये म्हणून दशांश चिन्हानंतरचा एखादा बदललेला. गावात तयार जर्नल विकत मिळते आणि तिचा भावही ठरलेला आहे. म्हणजे सतरा वर्षांच्या पोराला संस्था स्वतःच्या ठरावानं सांगते की न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिही, खाली सही कर, आम्ही गुण देतो.

ज्या प्रयोगाची बातमी वाचून आमच्या पोरीनं प्रश्न विचारला, तिथं याच एका गोष्टीला किती जपतात ते बघा. अ‍ॅटलस आणि सीएमएस हे दोन शोधक एकाच कामासाठी वेगवेगळे बांधले. वेगळी माणसं, वेगळी बनावट. हिग्ज शोधताना दोन्ही गटांनी एकमेकांचे आकडे पाहिले नव्हते. दोघांना स्वतंत्रपणे एकाच ठिकाणी, १२५ जीईव्हीच्या (कणाचं वस्तुमान सांगायचं माप) आसपास, तीच खूण मिळाली तेव्हाच सापडल्याचं जाहीर केलं. निव्वळ योगायोगानं असा आकडा यायची शक्यता पस्तीस लाखांत एक इतकी खाली आल्याशिवाय त्या क्षेत्रात ‘शोध’ हा शब्द वापरत नाहीत. डिसेंबर २०१५ मध्ये दोन्ही गटांना ७५० जीईव्हीपाशी एक उंचवटा दिसला. जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्यावर शेकडो लेख लिहिले. २०१६ मध्ये आणखी टकरी मोजल्या तेव्हा उंचवटा मावळला, आणि त्याच लोकांनी उभं राहून सांगितलं की तिथं काही नव्हतं. हजारो माणसांची मेहनत, जगाचं लक्ष, आणि तरी कोणी आकडा ओढून-ताणून बसवला नाही. आपण मात्र मीटर ब्रिजच्या एका रीडिंगसाठी पोरांना खोटं शिकवायला निघालो आहोत.

दुसरी तक्रार. सभेत एक संचालक म्हणाले म्हणतात की आता हे सगळे प्रयोग मोबाईलवर दिसतात. दिसतात, मी पाहिले आहेत, चांगले आहेत. पण मोबाईलवरच्या मीटर ब्रिजची तार कधी सैल होत नाही. खऱ्या मीटर ब्रिजवर दहापैकी आठ वेळा काटा हलत नाही तो जोडणी सैल असते म्हणून, नाहीतर तारेच्या टोकाला काट चढलेली असते म्हणून. मी प्रत्येक बॅचला पॉलिश पेपरचा तुकडा द्यायचो आणि सांगायचो, आधी टोकं घासा, मग सरांना हाक मारा.

सप्टेंबर २००८ आठवतं का आपल्याला? त्या महिन्याच्या १० तारखेला जिनिव्हाच्या बोगद्यातलं ते यंत्र पहिल्यांदा सुरू झालं आणि आपल्या टीव्हीवर जग बुडणार म्हणून दिवसभर चाललं होतं. काही आयांनी त्या दिवशी पोरांना शाळेत पाठवलं नव्हतं. जग बुडलं नाही. पण नऊ दिवसांनी, १९ सप्टेंबरला, ते यंत्र बंद पडलं. दोन चुंबकांना जोडणारा एक विजेचा सांधा नीट बसलेला नव्हता. ती चुंबकं उणे २७१ अंशांवर ठेवतात. आपल्या जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी द्रव नायट्रोजनचा जार असतो, तो उणे १९६ चा. त्याहूनही पंचाहत्तर अंश खाली. एवढ्या थंडीत चुंबकांच्या तारेला विरोध उरत नाही आणि हजारो अ‍ॅम्पिअर प्रवाह सुखानं वाहतो. त्या एका सांध्यात किंचित विरोध उरला होता. सांधा तापला, वितळला, ठिणगी उडाली, हेलियमची नळी फुटली, सहा टन हेलियम गेला आणि ५३ चुंबकं वर काढावी लागली. यंत्र परत सुरू व्हायला चौदा महिने लागले. पुढं २०१३ नंतर मोठी सुट्टी घेऊन त्यांनी दहा हजारांवर सांधे एकेक करून तपासले आणि पक्के केले. ते काम हातांनी केलं, माणसांनी केलं. त्यांच्यातल्या कोणीतरी कधीतरी शाळेत टोकं घासली असतील.

आणखी एक गोष्ट आहे. सप्टेंबर २०११ मध्ये सर्नहून इटलीत ७३० किलोमीटरवर पाठवलेले न्यूट्रिनो नावाचे कण प्रकाशापेक्षा लवकर पोचले असं मोजमाप आलं. आइन्स्टाईन चुकला की काय म्हणून जगभर चर्चा. महिनोन्महिने तपासल्यावर मुख्य दोष सापडला तो एका केबलच्या जोडणीत. पूर्ण घट्ट बसली नव्हती.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं सांगतो. तो शेती करतो, दहा एकर कापूस. जिनिंगवर कापूस घेऊन गेला तेव्हा तिथल्या माणसानं ओलावा मोजायचं यंत्र बोंडात खुपसलं आणि आकडा सांगून भाव पाडला. हा म्हणाला, आधी कोरड्या कापसावर लावून दाखवा, याची शून्य त्रुटी किती आहे? तिथं बाचाबाची झाली. पण दुसऱ्या यंत्रावर ओलावा दीड टक्का कमी भरला. त्याला बारावीत फिजिक्समध्ये बेचाळीस गुण होते. शून्य त्रुटी त्याला पुस्तकातून कळली नव्हती, खऱ्या स्क्रू गेजवर कळली होती, ज्याचा शून्य खरोखर जुळत नव्हता.

तिसरी तक्रार, भंगाराबद्दल. सामानाची किंमत वजनावर लावू नका. विभा चौधरी नावाच्या बाई होत्या, कोलकात्याच्या. देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर त्यांनी दार्जिलिंगकडच्या डोंगरांवर फोटोच्या खास काचा ठेवल्या आणि त्यांवर उमटलेल्या कणांच्या खुणा मोजल्या. १९४० च्या आसपास त्यांचे लेख ‘नेचर’मध्ये आले. त्यांना हव्या होत्या त्या पूर्ण दर्जाच्या काचा युद्धामुळं मिळेनात. काम तिथंच अडलं. पुढं तशाच पद्धतीनं, चांगल्या काचा वापरून, इंग्लंडमध्ये पॉवेल यांच्या गटानं पायॉन नावाचा कण शोधला आणि १९५० चं नोबेल पॉवेल यांना मिळालं. अक्कल आपल्या बाईंकडं होती, मेहनत होती, डोंगर होते. काचा नव्हत्या. आपल्याकडं काचा आहेत आणि आपण त्या व्हरांड्यात ठेवून फोडतो आहोत.

चौथी. ‘वापर नाही’ हे खरं आहे, पण अर्धं. ज्यांना परवडतं त्यांची नावं आपल्याकडं असतात आणि मुलं नागपूरला किंवा अकोल्याला क्लासमध्ये. त्यांची हजेरी कशी लागते यावर मी लिहीत नाही. उरतात त्या मानव विकासच्या निळ्या बसनं येणाऱ्या पोरी आणि मजुरी करून येणारे पोरं. मी निवृत्त झालो तेव्हा बारावीला अशी एकवीस मुलं होती. त्यांच्यासाठी दुसरी प्रयोगशाळा जिल्ह्यात कुठंही नाही. सर निवृत्त झाले, त्यांची जागा भरली नाही. माझी भरली नाही. कुलूप लागलं आणि मग लिहिलं, वापर नाही.

पाचवी तक्रार लिहिताना मला वाईट वाटतं. अध्यक्षसाहेब, मी आपल्याला भेटायला आलो तेव्हा आपण म्हणालात, “भाऊ, आपल्या पोरायले काय करायचं आहे जिनिव्हाचं? त्यायले नोकरी लागली पाहिजे.” नोकरी लागली पाहिजे, कबूल. पण जिनिव्हा आपल्याला वाटतं तितकं लांब नाही. हिग्जच्या नावापुढचा ‘बोसॉन’ हा शब्द सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावावरून आला. त्याच बोगद्यात १९८९ ते २००० पर्यंत दुसरं यंत्र होतं, इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनच्या टकरींचं. तिथं किती टकरी होतात ते मोजायला ज्या प्रक्रियेचा मापदंड वापरत, तिचं नाव भाभा स्कॅटरिंग, आपल्या होमी भाभांनी ऐन विशीत मांडलेलं गणित. सीएमएसचा एक थर, चुंबकाच्या बाहेरचा, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या आणि चंडीगडच्या लोकांनी इथं बनवून पाठवला. बोगद्यातली पस्तीस-पस्तीस टनांची चुंबकं ज्या जॅकवर टेकलेली आहेत, ते हजारो जॅक भारतातून गेले. जानेवारी २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे. म्हणजे त्या यंत्रात आपल्या खिशातले पैसेही आहेत.

माझ्या आईला गळ्याचा कॅन्सर झाला तेव्हा नागपूरला तीस दिवस शेक दिला. ज्या यंत्रानं दिला ते इलेक्ट्रॉनला वेग देऊन धातूवर आदळवतं आणि त्यातून निघालेले क्ष-किरण गाठीवर सोडतं. त्या बोगद्यातल्या यंत्राचं ते धाकटं भावंडं. ते चालवणाऱ्या तंत्रज्ञ मुलीनं मला ओळखलं. आपल्याच कॉलेजची होती, २०१५ ची बॅच. पेटी पाहिलेली. आईला आत नेताना ती म्हणाली, “भाऊ, इथं दिसत नाही, पण रेघ तशीच जाते.” तिला नोकरी लागली आहे, अध्यक्षसाहेब.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

जूनचा ठराव मागे घ्यावा. प्रयोगशाळेची खोली प्रयोगशाळाच राहावी. भाड्याचं उत्पन्न हवं असेल तर जुन्या वसतिगृहाचा हॉल चार वर्षांपासून रिकामा आहे, क्लासला तो द्यावा.

भंगाराची यादी थांबवावी आणि प्रत्येक वस्तू तपासून मगच निर्णय घ्यावा. तपासताना विज्ञानाचे शिक्षक आणि दोन माजी विद्यार्थी हजर असावेत. पोत्यातले गॅल्व्हानोमीटर आजच बाहेर काढावेत, हे मी हात जोडून सांगतो.

या वर्षीच्या बारावीचे सगळे प्रयोग मुलांच्या हातून व्हावेत. ज्या मुलानं प्रयोग केला नाही त्याला त्या प्रयोगाचे गुण देऊ नयेत, मग ते मूल कोणाचंही असो. कमी आलेलं, चुकलेलं, पण खरं घेतलेलं रीडिंग ग्राह्य धरावं.

सहायकाच्या रिकाम्या जागेसाठी प्रस्ताव पाठवावा आणि तो पाठवल्याची तारीख फलकावर लावावी.

एक चालू संगणक आणि नेट द्यावं. सीएमएसनं आपल्या टकरींची माहिती २०१४ पासून सर्वांसाठी फुकट खुली केली आहे. ती पाहायला जिनिव्हाला जावं लागत नाही.

आणि या पत्राचं लेखी उत्तर ३१ ऑगस्टच्या आत द्यावं.

प्रस्ताव मंजूर होईपर्यंत आठवड्यातले तीन दिवस मी विनावेतन येतो. मीटर ब्रिजची टोकं घासायची आहेत, सोनोमीटरला तारा लावायच्या आहेत, आणि अडकलेले काटे किती सुटतात ते पाहायचं आहे. काचेची पेटी मी मंगळवारीच शिपायाला सांगून, वहीत सही करून घरी आणली. कोपऱ्याला नवीन काच बसवली, सिलिकॉन लावून दोन दिवस वाळवली, पाणी भरून पाहिलं. गळत नाही. येत्या २८ फेब्रुवारीला पहाटेच्या गाडीनं नागपूरला जाऊन बर्फ मी आणीन, खर्च माझा. आपण सर्व संचालक त्या दिवशी दुपारी दोन वाजता यावं. प्रत्येकानं पाच मिनिटं पेटीसमोर बसावं, रेघा मोजाव्या, आणि जेवढ्या दिसतील तेवढ्याच वहीत लिहाव्या.

आपला विश्वासू,
निवृत्त प्रयोगशाळा सहायक